लसूणघासाच्या मुरघासात फॉर्मिक ॲसिड घालू का?

वाळव्याचा गोठा
नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात माझ्या नऊ गाई आहेत. मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) दरवर्षी झकास होतो, पण गेल्या पावसाळ्यात तशाच बॅगांत लसूणघास भरला आणि दीड महिन्यानं उघडला तर काळपट, बुळबुळीत. वास असा की गाईंनी गव्हाणीतून तोंडच फिरवलं. सगळा उकिरड्यावर टाकला. आता दुकानदार 85 टक्क्यांच्या फॉर्मिक ॲसिडचा 35 किलोचा कॅन घ्या म्हणतोय. आई म्हणते, मुंगी चावल्यावर जे झोंबतं ते गाईच्या पोटात घालायचं नाही. कुणी वापरलंय का?

कराडचे काका
भाऊ, इचलकरंजीला डाईंगमध्ये 22 वर्षं हे ॲसिड हाताळलं, आता गावी म्हशी सांभाळतो. लसूणघासात साखर कमी आणि प्रथिनं, कॅल्शियम जास्त, म्हणून सामू, म्हणजे पीएच, लवकर खाली येत नाही. तेवढ्यात सडवणारे जिवाणू चारा ताब्यात घेतात. फॉर्मिक घातलं की सामू लगेच उतरतो आणि हे जिवाणू दबतात. मक्यात साखर भरपूर असते, तिथं पैसे घालू नका.

आधी घास कापून सुकवा. कुट्टी मुठीत दाबली तर पाणी गळता कामा नये. मी टनाला 4 लिटर घेतो. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी नाही. प्लॅस्टिकच्या पंपानं थराथरावर फवारायचं, लोखंड हे खातं. एक ध्यानात ठेवा: हे पाण्यापेक्षा जड असतं, 35 किलोच्या कॅनमध्ये 29 लिटरच्या आसपासच भरतं.

आता जिवाची गोष्ट. एकदा फाटक्या हातमोज्यातून मनगटावर थेंब गेला. मी नळावर जायच्या आधी हातातलं काम उरकलं. तो पांढरा डाग अजून आहे. चष्मा, रबरी हातमोजे, शेजारी पाण्याची बादली, आणि लागलंच तर पंधरा मिनिटं वाहतं पाणी. कॅन उन्हात ठेवू नका. साठवणीत या ॲसिडाचं हळूहळू विघटन होऊन कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सुटतो, म्हणून बंद खोलीतही नको.

साताऱ्याच्या बाई
मी रसायनशास्त्र शिकवते. आईंचं म्हणणं चुकीचं नाही, 1671 मध्ये इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन रे यांनी खरोखर मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातूनच हे मिळवलं होतं. आज कारखान्यात मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइडपासून मिथिल फॉर्मेट करतात, पाण्यानं ते फोडलं की फॉर्मिक ॲसिड मिळतं आणि मिथेनॉल परत वापरात येतं. आपल्याकडं भरूचला बनतं. आईंना एवढं सांगा की गाईच्या पहिल्या पोटातले जिवाणू स्वतःच फॉर्मेट, म्हणजे याच ॲसिडाचं क्षाररूप, तयार करतात आणि वापरूनही टाकतात. चाऱ्यातली थोडी मात्रा तिथं परकी नाही.

वाळव्याचा गोठा
काका, बाई, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. शनिवारी कापणी आहे. पाच टन होईल, म्हणजे 20 लिटर. हातमोजे आजच आणतो. बॅग उघडली की वास कसा आला ते इथंच लिहीन.