‘मंडळी’ : घरची आणि ख्रिस्ताची

प्रश्न : मराठी पवित्र शास्त्रात ‘मंडळी’ हा शब्द वारंवार येतो. एरवी आपण ‘घरची मंडळी’, ‘पाहुणे मंडळी’ असे म्हणतो. हे दोन निराळे शब्द मानावेत की एकच? शिवाय ‘चर्च’ हा शब्द पुरता रुळला असताना ‘मंडळी’ची गरज उरते का?

उत्तर : शब्द एकच आहे, ख्रिस्ती वापरात त्याचे व्याकरण तेवढे सरकले आहे. रोजच्या बोलण्यातील ‘मंडळी’ मुळातच समूहवाचक असल्यामुळे, पाहुणे चार घरांतून आले तरी ‘मंडळ्या आल्या’ असे कोणी म्हणत नाही. पवित्र शास्त्राच्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकात मात्र आशिया प्रांतातील सात मंडळ्यांना निरोप धाडलेले आहेत, कारण तिथे प्रत्येक गावची मंडळी हे स्वतंत्र एकक आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’. त्याचा अर्थ जमलेली सभा, मग ती कशासाठीही जमलेली असो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात अर्तमी देवीच्या नावाने घोषणा देणाऱ्या इफिसकरांच्या गोंधळलेल्या जमावालाही हाच शब्द लावलेला आहे. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी तो केवळ मत्तयात, 16व्या आणि 18व्या अध्यायांत आढळतो. त्यांतला दुसरा संदर्भ मला संसारी माणसाच्या फार उपयोगाचा वाटतो. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठावे, न ऐकल्यास एकदोघांना बरोबर न्यावे आणि तरीही न ऐकल्यास मंडळीला कळवावे, असा तो क्रम आहे. आपल्या घरांतून तो बहुधा उलटा चालतो : धाकट्याने काय केले हे सगळ्या नातेवाइकांना आधी कळते, आणि धाकट्याशी बोलायचे तेवढे राहून जाते.

दुसरे उत्तर : वरील विवेचनात एक जुना अर्थ सुटला आहे. मागच्या पिढ्यांत पत्नीचे नाव घेण्याचे टाळून पुरुष ‘आमचे कुटुंब’ म्हणत, तसेच ‘आमची मंडळी’ही म्हणत. हा अर्थ कानात ठेवून इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला, तर ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला अर्पण केले, तशी पतीने पत्नीवर प्रीती करावी, हे वाक्य एकदम घरात येऊन बसते. अर्थात हा मराठीने घडवलेला योगायोग आहे. ग्रीकमध्ये तो नाही, म्हणून त्यावर शिकवण उभारू नये. तरीही ‘स्त्रियांनो, अधीन असा’ एवढेच पाठ असलेल्या नवरे मंडळींनी (हा शब्द इथेही टळत नाही) त्याच्या आधीचे, एकमेकांच्या अधीन राहण्याविषयीचे 21वे वचन आणि नंतरचे 25वे वचन सलग वाचावे, असे मला आग्रहाने वाटते. लग्नविधीत हा उतारा ऐकताना वधूकडे पाहून हसणारे पाहुणे मी पाहिले आहेत; पतीवर टाकलेला भार त्याहून जड आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नसावे.

पुरवणी : कॅथलिक लिखाणात ‘मंडळी’ऐवजी ‘ख्रिस्तसभा’ हा शब्द अधिक दिसतो. दोन्ही शब्द माणसांचेच आहेत, इमारतीचे नाहीत.

पहिल्या उत्तराला जोडून : ‘चर्च’विषयीचा प्रश्न राहिला होता. वास्तू आणि रविवारची उपासना यांसाठी ‘चर्च’ खुशाल वापरावा. ‘मंडळीत रंगकाम चालू आहे’ हे वाक्य चमत्कारिकच वाटेल. पण जिथे माणसे अभिप्रेत आहेत तिथे ‘मंडळी’ला पर्याय नाही. प्रेषित पौल आपल्या पत्रांत प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू करणाऱ्या दांपत्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख करतो. फिलेमोनाला लिहिलेले पत्र तर अवघ्या 25 वचनांचे आहे. अनेसिम या फिलेमोनाच्या दासाला दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून परत घ्यावे, ही त्यातली विनंती पौलाने एकट्या धन्याच्या कानात सांगितलेली नाही. मायन्यात अफ्फिया, अर्खिप्प आणि फिलेमोनाच्या घरी जमणारी मंडळी यांचीही नावे आहेत. म्हणजे धन्याने काय ठरवले, हे ज्यांच्याबरोबर तो प्रार्थनेला बसत होता त्या सर्वांना दिसणार होते. इथे ‘तुझ्या घरचे चर्च’ असे केले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे एखादी खोली येईल, पत्र ऐकायला बसलेली माणसे येणार नाहीत.