ड्रोनच्या पेलोडची वीज वेगळी घ्या

ड्रोनवरचा गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी मोटरवर चालणारी चौकट) फ्लाइट कंट्रोलरच्या, म्हणजे ड्रोनचं उड्डाण सांभाळणाऱ्या बोर्डाच्या, ५ व्होल्टच्या पिनवरूनच चालवा, असा एक सल्ला दिला जातो. मला तो धोक्याचा वाटतो. त्या पिना जीपीएस, रिसीव्हर अशा हलक्या उपकरणांसाठी असतात. गिंबलची मोटर किंवा एखादा सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) अडकला आणि त्याने एकदम करंट ओढला की व्होल्टेज घसरतं आणि कंट्रोलर हवेतच रीस्टार्ट होऊ शकतो. पेलोड, म्हणजे ड्रोनने वाहिलेला कॅमेरा-गिंबलसारखा भार, बंद पडला तर चित्रीकरण जातं. कंट्रोलर बंद पडला तर सगळंच खाली येतं.

म्हणून मुख्य बॅटरीवरून पेलोडसाठी वेगळा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारं सर्किट) लावा. ६एस लिपो (सहा सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी) पूर्ण चार्ज असताना २५.२ व्होल्ट देते, शिवाय मोटरींमुळे लाइनवर स्पाइक (व्होल्टेजच्या क्षणिक उसळ्या) येतात, तेव्हा बीईसीच्या इनपुटची मर्यादा त्याहून बरीच वरची हवी. आणि सिग्नलची वायर एकटी जोडून भागत नाही, कंट्रोलर आणि पेलोड दोन्हीकडचा ग्राउंड (ऋण वायर) एक करावाच लागतो. सर्वो विनाकारण थरथरत असेल तर आधी हेच तपासा.

पेलोडला यूएसबी ३ ची केबल असेल तर ती जीपीएसपासून लांब ठेवा, तिच्यातल्या रेडिओ गोंगाटाने जीपीएसचा सिग्नल बिघडू शकतो. पेलोड बंद-चालू करून उपग्रहांची संख्या घटते का, ते जमिनीवरच बघून घ्या.