एकच बिस्कीट, तीन सण

शाळेत मुलांना वेगवेगळ्या धर्मांची ओळख खाण्यातून करून देण्यासाठी ख्रिसमसला केक, ईदला शीरखुर्मा असा दर महिन्याला एक सण घ्यावा, अशी एक सूचना आहे आणि ती चांगली आहे. पण त्यामुळे मुलांच्या डोक्यात प्रत्येक धर्माचा एकेक वेगळा डबा तयार होतो, असं मला वाटतं. त्याऐवजी मामूलपासून सुरुवात करून बघा.

लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन या भागातलं हे बिस्कीट. रवा तुपात किंवा लोण्यात मळायचा, थोडं गुलाबपाणी घालायचं आणि आत खजूर, अक्रोड किंवा पिस्ते भरायचे. लाकडी साच्यात दाबून, साचा ओट्यावर आपटला की नक्षीदार मामूल बाहेर पडतं. आपल्याकडच्या पेढ्याच्या, मोदकाच्या साच्याची आठवण मुलांना नक्की होईल. सारणानुसार साच्याचा आकारही बदलतो, म्हणजे न फोडताच आत काय आहे ते कळतं.

तिथले ख्रिस्ती लोक ते ईस्टरला करतात, मुसलमान दोन्ही ईदना आणि मूळचे तिथले ज्यू पुरिम या त्यांच्या सणाला. ईस्टरआधीच्या उपवासकाळात पौर्वात्य (ऑर्थोडॉक्स वगैरे) चर्चचे लोक लोणी-दूध वर्ज्य करतात. त्यानंतर तोंडात विरघळणाऱ्या या बिस्किटाचं मोल काय असेल, हे मुलांना खाताना सांगा, फळ्यावर लिहून नको.

मग गोव्याकडे वळता येईल. तीच नेवरी, म्हणजे आपली करंजी, हिंदू घरात चवथीला होते आणि ख्रिस्ती घरात नाताळला.

मामूलमध्ये सहसा अंडं नसतं, ही सोय मोठी. सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का, हे मात्र पालकांना आधी विचारा.