विषय: पिलीची सहल आणि कपाटातली दुर्बीण – गुरुवारपर्यंत ठरवा!

प्रेषक: बेबीताई
मंडळी, पक्षी बघायला पॉइंट पिलीची (कॅनडात एरी सरोवरात घुसलेलं टोक, राष्ट्रीय उद्यान) बस मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, हे झालंच आहे. कपाटातल्या दुर्बिणीचं काय? गेल्या वर्षी मला त्यातून एक पिवळा ठिपका दिसला आणि नानांनी त्याला तीन नावं दिली. समितीने नवीन घ्यायला हो म्हटलंय, दुकानातली सवलत गुरुवारी संपते. निकॉन मोनार्क एम५ की व्हॉर्टेक्स डायमंडबॅक एचडी? ८×४२ की १०×४२ (आधीचा आकडा किती पट मोठं दिसतं, नंतरचा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये)? एवढंच सांगा. डब्यांचं वेगळ्या मेलवर.

प्रेषक: नाना
बेबीताई, शनिवारी दुकानाच्या दारात उभा राहून दोन्ही पाहिल्या. समोरच्या बसथांब्यावरचं वेळापत्रक वाचून बघितलं. मधोमध दोन्ही सारख्याच रेखीव, माझ्या डोळ्यांना फरक कळला नाही. कडेला अक्षरं थोडी पसरतात. पण फोकसचं चाक किंचित फिरवलं की कड स्वच्छ होते आणि मधला भाग धूसर. म्हणजे भिंग वाईट नाही, प्रतिमा सपाट पडत नाही एवढंच. या किमतीत ते चालायचंच.

खरा फरक दोन ठिकाणी. ८×४२ मध्ये हजार मीटरवर एम५ ला ११२ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, डायमंडबॅकला साधारण १३१. आणि जवळचा फोकस एम५ चा अडीच मीटरवर थांबतो, डायमंडबॅकचा दीडवर. पिलीला हे महत्त्वाचं. एरी सरोवर ओलांडून आलेले वॉर्बलर, म्हणजे चिमुकले पक्षी, इतके दमलेले असतात की टोकाच्या वाटेवर अगदी पायाशी झुडपात बसतात. तिथे दोन पावलं मागे सरकायला गेलात तर मागच्याच्या पायावर पाय.

१०× नको. हात कापतो तोही दहापट दिसतो. शिवाय ४२ भागिले १० म्हणजे डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाची चकती ४.२ मिलिमीटर, ८ ला सव्वापाच. पहाटे झाडीत फरक पडतो.

प्रेषक: अण्णा
हात कोणाचा कापतो? नाव घेऊन लिहा.
आमच्या वडिलांची ७×५० होती, वजन बाळाएवढं. कर्नाळ्याला ती गळ्यात घालून मी स्वर्गीय नर्तक पाहिला, शेपटीची फीत न् फीत मोजून. तेव्हा कुणी पट्टा किती मीटर म्हणून विचारलं नव्हतं. वीस वर्षं १० ची वापरतोय. कोपर पोटाला टेकवा, श्वास सोडा, काही हलत नाही.

प्रेषक: खजिनदार
१) दुर्बीण ही मंडळाची मालमत्ता आहे. कोजागिरीला चंद्र बघायला ती कोणी नेली, वहीत नोंद नाही. दुधाचा डाग मात्र पिशवीवर आहे.
२) नवीन घेतली तर अनामत रक्कम घेतल्याशिवाय कपाटाबाहेर जाणार नाही.
३) वॉर्बलरला मराठीत वटवट्या म्हणतात, हे या मेलवरून पटलं.

प्रेषक: बंडू
खजिनदार काका, कोजागिरीला मीच नेली होती, सॉरी. दूध माझं नाही.
काल ती काढून बघितली. उजव्या डोळ्याजवळची डायॉप्टरची कडी (दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणारी) पार एका टोकाला गेलेली! चंद्र बघताना प्रत्येकाने तीच फिरवली असणार. बेबीमावशीचा पिवळा ठिपका बहुतेक असाच.
रीत अशी: उजवा डोळा झाका, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एक पाटी स्पष्ट करा. मग डावा झाका, चाकाला हात न लावता फक्त कडी फिरवून तीच पाटी उजव्याला स्पष्ट करा. झालं. पुढे दिवसभर फक्त चाक. माझ्यापुरती जागा बायकोच्या नेलपॉलिशने ठिपका देऊन ठेवली आहे.
तरीही नवीन घ्या. चाक इतकं ढिलं झालंय की उलटं फिरवताना पाव फेरा काहीच होत नाही. तोवर पाखरू उडतं.

प्रेषक: नाना
मग माझी तीन नावं चुकीची नव्हती, कडी चुकीची होती. नोंद घ्यावी.
बंडूने मुद्द्याचं सांगितलं. मोनार्क एम७ ला ती कडी लॉक करता येते, चार हातांत फिरणाऱ्या दुर्बिणीला उत्तम. पट्टाही १४५ मीटर. पण महाग.

प्रेषक: खजिनदार
महाग.

प्रेषक: बेबीताई
ठरलं, डायमंडबॅक ८×४२. उद्या घेऊन येते. दुकानातच चाक दोन्ही दिशांनी फिरवून बघेन, अडखळलं तर दुसरा डबा उघडायला लावेन. चष्मेवाल्यांनो, डोळ्यांची रबरी वाटी खाली फिरवून मगच लावा, नाहीतर काळी कडा दिसली म्हणून दुर्बिणीला नावं ठेवाल. आणि बंडू, कडीला ठिपका कोणाच्या डोळ्याप्रमाणे द्यायचा? माझा उजवा डोळा ऑपरेशनचा आहे.

प्रेषक: अण्णा
मी माझी १० ची आणतोय. कोणी मागायची नाही.