छोटी विमानं बनवणाऱ्या कंपन्यांना मोठे मासे गिळतायत, हे थांबायला हवं का?

रनवे२७:
माझं स्पष्ट मत आहे की टेक्स्ट्रॉन या अमेरिकन उद्योगसमूहाला छोट्या विमानांच्या धंद्यात एवढी खरेदी करू द्यायलाच नको होती. लायकमिंग इंजिनं आधीपासून त्यांची, १९९२ मधे सेस्ना घेतली, २०१४ मधे १.४ अब्ज डॉलर मोजून बीचक्राफ्ट, २०२२ मधे स्लोव्हेनियाची पिपिस्ट्रेल. सगळ्यात जास्त राग येतो तो कोलंबियाचा. ओरेगॉनमधल्या बेंडची कंपनी, कोलंबिया ४०० सारखं देखणं, वेगवान चार सीटचं विमान बनवायची. सेस्नाने ती २००७ मधे २.६४ कोटी डॉलरला घेतली, २००९ मधे बेंडचा कारखाना बंद केला आणि कॉम्पोझिटचं (धातूऐवजी फायबरच्या भागांचं) काम मेक्सिकोत नेलं, मग २०१० मधे एका टेस्ट फ्लाइटमधे पंखाचं वरचं आवरण सुटलं, एफएएने (अमेरिकेचं विमान सुरक्षा खातं) २४ लाख डॉलरच्या दंडाची नोटीस काढली, आणि शेवटी २०१८ मधे ते मॉडेलच बंद. तोवर बीचक्राफ्टचं त्याच तोडीचं बोनान्झा पण त्यांच्याच घरात आलं होतं, मग दोन्ही कशाला जगवतील?

अवंती_क:
नाही पटलं. कोलंबिया २००७ मधे दिवाळखोरीतच होती हो, ते सांगायचं राहिलं तुमचं. सेस्नाने घेतली नसती तर दहा वर्षं आधीच संपली असती आणि ज्यांनी विमानं घेतली होती ते पार्टसाठी वणवण फिरले असते. बीचक्राफ्टचं पण तेच, २०१२ मधे दिवाळं निघालं होतं. बुडणारी कंपनी कोणीतरी घेतली म्हणून ओरडायचं आणि कोणी घेतली नाही तरी ओरडायचं?

रनवे२७:
अवंतीताई, बुडालेली होती हे मान्य. पण घेणारा आधीच तोच माल विकत असेल तर दिवाळखोर कंपनी स्वस्तात घेऊन शांतपणे बंद करणं त्याला परवडतं. बाहेरचा मालक आला असता तर त्याला विमान विकूनच पैसे काढावे लागले असते. सिरस बघा ना, छोटी विमानं बनवणारी अमेरिकन कंपनी, २०११ मधे चीनच्या सरकारी एव्हिककडे गेली तेव्हा लोक म्हणत होते की आता सगळं उचलून चीनला नेणार. कारखाना अजून मिनेसोटातल्या डुलुथलाच आहे आणि पैशावाचून अडकलेलं त्यांचं छोटं जेट २०१६ मधे सर्टिफाय झालं, म्हणजे सरकारी मंजुरी मिळाली.

कौस्तुभ पी:
मग मूनीचं काय? ती पण २०१३ मधे चिनी मालकाकडेच गेली, टेक्सासमधल्या करव्हिलला पुन्हा काम सुरू झालं, नवीन मॉडेल आलं, तरी २०१९ मधे कुलूप लागलं. बाहेरचा मालक, खिशात पैसे, सगळं होतं की. अडचण मालकाची नाही, गिऱ्हाईकच उरलं नाही. १९७८ मधे अमेरिकेत सगळी मिळून १७ हजारांवर छोटी विमानं विकली गेली, १९९४ मधे हजारसुद्धा नाहीत. अपघातांवरून होणाऱ्या कोर्टकचेऱ्यांना कंटाळून सेस्नाने १९८६ मधे पिस्टन सिंगल, म्हणजे एका पिस्टन इंजिनची विमानं, बनवणंच थांबवलं होतं, १९९४ च्या कायद्याने १८ वर्षांहून जुन्या विमानाच्या दाव्यांतून मोकळीक मिळाली तेव्हा कुठे कॅन्ससमधे परत सुरू केलं.

हँगरवाला:
मी फ्लाइंग स्कूलच्या विमानांवर काम करतो, त्यामुळे मला मालक कुठल्या देशाचा यापेक्षा पार्ट कोण देणार हे महत्त्वाचं. विमान आणि इंजिन दोन्ही एकाच घरचं असलं की भाव ते म्हणतील तो, वाट पण ते म्हणतील तितकी बघायची, आणि तेवढे दिवस विमान हँगरमधे उभं, पोरांचे तास अडकलेले, फी मात्र आईबापांनी कर्ज काढून भरलेली. गोंदियाला डायमंड कंपनीची डीए४० विमानं उडतात, ती कंपनी २०१७ पासून चिनी वानफेंगची आहे, आणि डीए४० एनजी जेटच्या इंधनावर चालतं, आपल्याकडे अ‍ॅव्हगॅसची (छोट्या विमानांचं खास पेट्रोल) जी मारामार असते ती बघता हा पर्याय जिवंत आहे हेच मोठं. पर्याय असला की समोरचा जरा नीट बोलतो.

रनवे२७:
भाऊ, हेच तर म्हणतोय मी! मॉडेल बंद करायचं असेल तर टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलची सरकारी मंजुरी) आणि साचे दुसऱ्या कोणाला विकायची सक्ती हवी, कपाटात ठेवून द्यायची मुभा नको.

अवंती_क:
सक्ती करून घेणार कोण पण? सर्टिफिकेट घेतलं की उडत असलेल्या प्रत्येक विमानाच्या सुरक्षिततेची जबाबदारी गळ्यात पडते, पंखात दोष निघाला तर दुरुस्ती तुम्ही शोधायची. वर्षाला मोजकी विमानं विकणाऱ्या नवीन कंपनीला ते झेपणार नाही, ती दोन वर्षांत बुडेल आणि हँगरवाल्या दादांना पार्टसाठी फोन करायलासुद्धा कोणी उरणार नाही.

हँगरवाला:
ताई, फोन उचलणारा आजही नाहीच. निदान साचे तरी कोणाच्या हातात पडूदेत.