मागचे टायर मोठे टाकल्यापासून ॲव्हरेज घटले आहे. मीटरवर विश्वास ठेवावा का?

गाडीमालक, सोलापूर:
नमस्कार. माझी सहाचाकी गाडी येथील बाजार समितीतून कांदा भरून हैदराबादला जाते. मागचे 9.00आर20 टायर पार घासल्यामुळे त्या जागी 10.00आर20 चे नवे टायर टाकले. पूर्वी 4.2 चे ॲव्हरेज निघत असे, ते आता 3.95 वर आले आहे. चालक म्हणतो, "मालक, माल तेवढाच, रस्ता तोच, मग डिझेल मी प्यालो का?" जुना साइज पुन्हा घालावा का, याबाबत जाणकारांनी सल्ला द्यावा.

टायर दुकानदार, होटगी रोड:
चालकाला बोल लावण्याआधी किलोमीटर तपासा. आपल्या गाडीचे मीटर अंतर मोजत नाही. ते गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजते आणि टायरचा मूळ साइज गृहीत धरून त्यांचे किलोमीटर करते. नव्या 9.00आर20 चा व्यास सुमारे 1019 मिलिमीटर आणि 10.00आर20 चा सुमारे 1054 असतो, म्हणजे मीटर आता साडेतीन टक्के कमी दाखवते. उलट, आपल्या जुन्या टायरची नक्षी बारा-तेरा मिलिमीटर झिजली असेल, तर व्यास 994 च्या आसपास आला असणार आणि तेव्हा हेच मीटर अडीच टक्के जास्त दाखवत होते. दोन्ही मिळून सहा टक्क्यांचा फरक पडतो, आणि 4.2 ला 1.06 ने भागल्यास 3.96 येतात. आपली घट जवळजवळ सगळी कागदावरचीच दिसते.

खात्रीसाठी भरलेली गाडी सपाट जागी उभी करून मागच्या टायरवर व खाली जमिनीवर खडूने खूण करावी, गाडी सरळ पुढे घेत दहा फेरे मोजावेत आणि टेप लावावा. पुढच्या चाकांवर मोजण्यात अर्थ नाही. हैदराबाद रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांशी चाळीस-पन्नास किलोमीटरचे मीटर ताडून पाहिले तरी चालेल.

गॅरेजवाले, अक्कलकोट रोड:
वरील हिशेब बरोबर आहे, मात्र मोठा टायर म्हणजे फुकटचे ॲव्हरेज असे कोणी समजू नये. सपाट महामार्गावर इंजिनचे फेरे थोडे कमी होतात हे खरे, पण तुळजापूर घाटासारख्या चढावर भरलेली गाडी उचलताना ओढ कमी पडते, खालचा गिअर लवकर टाकावा लागतो आणि क्लचवर ताण येतो. शिवाय स्पीड गव्हर्नर 80 वर असला तरी प्रत्यक्ष वेग सुमारे 83 होतो. 10.00 ला साधारणपणे साडेसात इंची रिम लागते, तर 9.00 ची रिम सात इंची असते. ती बदलली आहे का आणि जोडचाकांमध्ये पुरेशी फट राहते का, हे आधी पाहावे. नोंदणीतील साइजपेक्षा वेगळा टायर पासिंगच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो, म्हणून माझे मत मूळ साइजकडेच जाते.

गाडीमालक, सोलापूर:
रिम जुन्याच आहेत. तेव्हा हे टायर उतरवून 9.00 घालतो, तोपर्यंत चालकाचा हिशेब मीटरच्या आकड्याला 1.035 ने गुणून धरीन.