नैराश्याचा विमा फक्त खाटेपुरता का?

कृष्णाकाठ:
माझ्या नवऱ्याला दीड वर्षापूर्वी नैराश्याचं निदान झालं. ब्रश हातात धरून बेसिनपाशी नुसता उभा राहायचा, दात घासायचंही बळ नसायचं. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे काहीच फरक नाही. मग एका सकाळी स्वतःहून म्हणाला, "चहात आलं घाल गं." मी ओट्यापाशीच रडले.

गोळ्या, दर महिन्याची तपासणी, समुपदेशन, सगळं खिशातून. विमा कंपनी म्हणते, पेशंट ॲडमिट नव्हता, क्लेम बसत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं २१वं कलम सांगतं की शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला. पण बहुतेक पॉलिश्या ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात आणि नैराश्याचे बहुतेक पेशंट ओपीडीतच बरे होतात. ओपीडीचा खर्च विम्यात सक्तीचा करा, असं माझं ठाम मत आहे.

जुना_स्टेथो:
ताई, तुमचा त्रास कळतो, मत पटत नाही. मधुमेहाच्या गोळ्यांनाही विमा सहसा पैसे देत नाही, म्हणजे वागणूक सारखीच झाली. या कायद्याचं मोठं काम ११५वं कलम आहे. तालुक्याच्या दवाखान्यात मी २६ वर्षं काढली. जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेल्याला आणलं की घरचे "अपघात झाला" म्हणायचे, कारण तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमाखाली वर्षाची कैद होऊ शकत होती. खरं कारण दडवलं की मनाचा इलाज राहूनच जायचा. आता तो माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदाच धरून चालतो आणि त्याची काळजी घेणं सरकारवर येतं. खरी वानवा डॉक्टरांची आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्याचे शंभरातले सुमारे ८५ जण उपचाराविना सापडले. तिथे विमा काय करणार?

कृष्णाकाठ:
डॉक्टर, पैशांची ओढाताण बघून नवऱ्याने गोळ्या परस्पर बंद केल्या आणि महिन्याभरात पुन्हा अंथरूण धरलं. उपचार अर्ध्यावर सुटलेल्यांना तुम्ही कुठे मोजणार? १८व्या कलमात तर लिहिलंय की जिल्ह्यात सरकारी सेवा नसेल तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या ठिकाणच्या उपचाराचा खर्च सरकारने द्यायचा. तो कुठल्या खिडकीवर मागायचा, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

उंबरठा:
तुम्ही दोघंही कायद्याला फार मान देताय. माझी धाकटी बहीण चार दिवस जेवलेली नाही, भिंतीकडे तोंड करून पडलीय. ॲडमिट करा म्हटलं तर उत्तर मिळालं, तिची संमती आणा. जिला कूस बदलायची इच्छा नाही, ती सही करणार? या कायद्याने घरच्यांचे हात बांधलेत.

जुना_स्टेथो:
तुम्हाला अर्धवट सांगितलंय. तिने उपचाराच्या निर्णयांसाठी आधीच कुणी प्रतिनिधी नेमला नसेल तर जवळचा नातेवाईक म्हणून तुम्ही ८९व्या कलमाखाली अर्ज करू शकता. दोन तज्ज्ञ तिला स्वतंत्रपणे तपासतील आणि स्वतःची काळजी घेण्याइतकी शक्ती तिच्यात नाही असं ठरलं, तर ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं. ती अट मला योग्य वाटते. नको झालेल्या बायकांना 'वेडी' ठरवून डांबलेलं मी पाहिलंय.

पाणी घेतेय का ती?

उंबरठा:
दुपारपासून नाही.

जुना_स्टेथो:
मग अर्जासाठी थांबू नका, आत्ताच जवळच्या दवाखान्यात न्या. जिवाला धोका असेल तर ९४व्या कलमाखाली तुमच्या संमतीने कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. कलमाचा आकडा कागदावर लिहून न्या. वाटेत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा, मराठीत बोलतात. पोचलात की इथे कळवा, मी जागा आहे.